चौथ्या गटातले उंदीर

४ नोव्हेंबर

दिवाळी संपली एकदाची. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला ताई आणि मी आबांनाच ओवाळतो, आणि आबा लाजत लाजत दोघींच्या ताटात ओवाळणी टाकतात. यंदा ताई आलीच नाही. आदल्या दिवशी येते म्हणाली होती. सकाळी तिच्या सासूबाईंचा, गिताबाईंचा कासुर्डीहून फोन: "गुऱ्हाळ पेटलंय, उसाच्या ट्रॉल्या हुब्या हायत, आता कशी यायची ती?" मी म्हटलं, ताईला द्या जरा. ताई फोनवर आली आणि म्हणाली, "बरी हाय मी. ठिवते." संपलं.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि हे असं वाढतच चाललंय. गुऱ्हाळवाल्यांची सून झाली म्हणून एवढा भाव खायचा? मी एकटीनेच आबांना ओवाळलं.

शिरूरला खोलीवर परत यायला निघाले तर आमच्या कवठ्याच्या पारावर नेहमीची मंडळी. त्यातला एक मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणाला, "खंडूआबाची सायली उंदरं रडवायचं शिकती म्हनं. सरकार पैसं देतंय त्येला." सगळे खदाखदा हसले. आबासुद्धा कसनुसं हसले, त्याचा जास्त राग आला. एसटीत बसल्यावर मला चांगली चांगली उत्तरं सुचली. ती नेहमी एसटीतच सुचतात.

उंदीर रडत नाहीत. माझं पीएच.डी.चं काम एवढंच आहे की धडधाकट उंदराला सतत त्रास दिला की तो उदास होतो, आणि तसा तो झाला की त्याच्या मेंदूतल्या रसायनांत काय काय बदलतं ते मोजायचं. सेरोटोनिन किती उतरलं, ताणाचं संप्रेरक किती चढलं, मेंदूच्या पेशींना खतपाणी घालणारं एक प्रथिन असतं ते किती आटलं. माणसाचा मेंदू काढून बघता येत नाही म्हणून उंदराचा. यात हसण्यासारखं काय आहे ते पारावरच्या लोकांनी मला समजावून सांगावं.

१० नोव्हेंबर

प्राणीगृह आमच्या फार्मसी कॉलेजच्या मागच्या अंगाला आहे. तिथे बिरदेव असतो, पिंजरे धुणारा. सकाळी मी गेले की विचारतो, "मॅडम, आज कंच्या नवऱ्याचा जाच?" मी त्याला दटावते, पण तो काही चुकीचं विचारत नाही.

कारण जाचच असतो. एके दिवशी पिंजऱ्यातला भुसा ओला करायचा. एके दिवशी पिंजरा तिरका ठेवायचा. कधी रात्रभर दिवा चालू, कधी दिवसभर अन्न बंद, कधी सोबतचा उंदीर काढून अनोळखी आणून सोडायचा. यातलं काहीही जीवघेणं नाही. खुबी क्रमात आहे. रोज तोच त्रास दिला तर उंदीर सरावतो, ओल्या भुशातही मजेत झोपतो. म्हणून उद्या काय होणार हे त्याला कळताच कामा नये. मी चिठ्ठ्या टाकून ठरवते. त्रास केवढा आहे याला तितकंसं महत्त्व नाही, अंदाज बांधता येत नाही ही गोष्ट उंदराला खाते.

गट चार आहेत. पहिल्याला काहीच त्रास नाही. दुसऱ्याला नुसता त्रास. तिसऱ्याला त्रास आणि नंतर औषध, म्हणजे एका कंपनीचा वनस्पतीचा अर्क. त्याच कंपनीने प्रकल्पाला पैसे दिलेत. चौथा गट माझ्या हट्टामुळे आहे. त्यांना त्रास द्यायचा, मग थांबवायचा, आणि औषधबिषध न देता नुसतं निवांत राहू द्यायचं. माझे मार्गदर्शक गवारे सर म्हणाले होते, "कशाला नसती वाढवावाढव?" पण परवानगी देणाऱ्या समितीने तो गट मंजूर केला, मग ते गप्प बसले.

२४ नोव्हेंबर

आज कासुर्डीला जाऊन आले. न बोलावता गेले. न्हावरा, चौफुला करत यवतपर्यंत एसटी आणि पुढे वडापची जीप. यवत सोडलं की गुळाचा वास नाकात शिरतो. ताईच्या घरी लग्नानंतर पहिल्यांदा गेले होते तेव्हा हा वास मला स्वर्गातला वाटला होता.

माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून सगळं लिहून टाकते.

एक तर घरात कशाचा कशाला मेळ नाही. ऊस कधी येईल ते ठरलेलं नाही, आला की गुऱ्हाळाचं चुलाण पेटतं, मग मध्यरात्र असो की पहाट. उत्तरेकडचे कामगार आहेत, ते आज आठ जेवतात, उद्या वीस. ताईने भाकरी थापायला घेतल्या की गिताबाई म्हणणार, "आज भात कर, भय्या लोकास्नी भात पायजे," आणि भात लावला की चपात्या. नवरा-बायकोची खोली हिशेबनिसाला दिली, का तर तो अचानक मुक्कामाला आला. आठ दिवस ताई सासूजवळ, मग दोन दिवस खोलीत, मग पुन्हा पाहुणे. तिचा मोबाइल सासऱ्यांचा बिघडला म्हणून त्यांच्याकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. माहेरी जा म्हणतात, पिशवी भरली की नको म्हणतात. कोणी तिला मारत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही, गिताबाईंनी मला जेवताना आग्रह करकरून वाढलं. फक्त हे सगळे बेशिस्त लोक आहेत. एवढे पैसेवाले, दारात दोन गाड्या, आणि उद्या काय करायचं ते आज सांगायची पद्धत नाही.

दाजी, म्हणजे सुदर्शन, वाईट नाहीत. कशालाही "आईला इचार" एवढं म्हणतात.

पण सगळ्यात जास्त राग ताईचा आला. मी इतक्या लांबून आले तर ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. केस विंचरलेले नाहीत. दाजींनी काहिलीतून ताजी काकवी आणली वाटीत. लहानपणी काकवीसाठी ही माझ्याशी मारामारी करायची. आज म्हणाली, "तूच खा. मला काय लागंना तोंडाला." मी म्हटलं, "काय गं, तुझ्याच घरची, आणि तुलाच नको?" तर वाटी माझ्याकडे सारून तिने चुलीत लाकूड घातलं. ती बारावी झाली तेव्हा मी तिच्या हातापाया पडले होते, पुढे शीक म्हणून. हिला तोंड उघडायला काय होतं? निघताना मी तिला तसं बोललेसुद्धा. ती म्हणाली, "व्हय. माझंच चुकतंय."

३ डिसेंबर

साखरपाण्याची चाचणी झाली आणि निकाल फार सुंदर आला.

पिंजऱ्यात दोन बाटल्या लावतात, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेच्या बाटलीला लोंबकळतो. उदास उंदराला त्याचं काही पडलेलं नसतं, जी जवळ असेल ती चाटतो. गोडाची गोडी जाणं हे उदासीचं पहिलं लक्षण. माझ्या त्रास दिलेल्या सगळ्या गटांनी साखरेकडे पाठ फिरवली. सर खूश झाले, "मॉडेल मस्त बसलंय" म्हणाले. निकालावर सरांनी, मी, पशुवैद्यांनी, सगळ्यांनी सह्या केल्या: हे प्राणी नैराश्याच्या अवस्थेत आहेत.

माझ्या शेजारच्या टेबलावर सम्राट बसतो. त्याची पीएच.डी. मधुमेहावर आहे. त्याने मला आणि बिरदेवला स्टँडसमोर भजी खाऊ घातली. म्हणाला, "तुझे उंदीर उदास झाल्याचा आनंदोत्सव करतोय आपण, हे घरी सांगू नकोस."

७ डिसेंबर

रविवारच्या आधीच कवठ्याला आले. आई भाकरी करता करता सहज म्हणाली, "तुझ्या ताईचा फोन आलता. दिवसा बी निजून ऱ्हाती म्हनं. सासू म्हनती आळशी झाली. गोड बी सोडलंय तिनं, गुळाच्या घरात ऱ्हाऊन."

मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि ही वही उघडली.

मी गाढव आहे. बाटल्या मोजून मोजून माझे डोळे गेले, आणि सख्खी बहीण वाटी पुढून सारते तेव्हा मी तिलाच झापून आले. वर चोवीस तारखेचं वाचलं. चिठ्ठ्या टाकून मी जे जे करते ते सगळं मीच माझ्या अक्षरात कासुर्डीच्या नावाने लिहिलंय, आणि वर त्याला बेशिस्त म्हटलंय.

आणि आता संताप होतोय तो असा, की उंदराने साखर नाकारली तर एवढी शिकलेली माणसं सह्या करून मान्य करतात की हा आजारी आहे. माझ्या ताईने नाकारली तर ती आळशी. उंदराला कोणी म्हणत नाही की नाटकं करतो. उंदराला कोणी म्हणत नाही, बाकीच्यांच्या सुना बघ.

मी आबांना म्हटलं, उद्या तिला आणायला जायचं. आबा म्हणाले, "आसं कसं? निरोप धाडू, मंग बगू." मी म्हटलं, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते. आले बिचारे.

१६ डिसेंबर

ताई इथे आहे. "चार दिस" म्हणून पाठवलीये. मी सम्राटला उंदरांवर लक्ष ठेवायला सांगितलं, तिला पुण्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि आता कवठ्याहून रोज जाऊन-येऊन करते. डॉक्टर चांगले होते. तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलले. नैराश्यच आहे म्हणाले. गोळ्या दिल्या, लागू व्हायला वेळ लागेल म्हणाले, आणि मला म्हणाले, "नुसत्या गोळीवर सोडू नका. घरी काय बदलता येईल तेही बघा."

मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलंय. उठणं, फिरणं, जेवण, गोळी, उन्हात बसणं. ताई सगळं मुकाट्याने करते. काल संध्याकाळी फिरायच्या वेळेला ती शेळीपाशी बसून राहिली होती, तिला उठवून पाठवावं लागलं. जरा जिद्द धरायला हवी तिने.

चुलत्यांनी येऊन देवऋषीचं नाव सुचवलं. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

५ जानेवारी

आज आमच्या ओसरीवर बैठक झाली. चार दिवसांचा महिना व्हायला आला म्हणून कासुर्डीकर आले होते: ताईचे सासरे शंकरराव, दाजी, आणि हे लग्न जमवणारे भिमाजीमामा. मामा दोन्हीकडचे, त्यामुळे ते मध्ये बसले. आमच्याकडे असंच असतं, सून माहेरी राहिली की चार माणसं बसून काय ते ठरवतात, आणि जिचं ठरवायचं ती आत चहा करते.

मामा म्हणाले, "पोरगी कामाला जरा कच्ची पडती, येवढंच. नाटकं म्हनत न्हाई मी, पर..." आबा मान खाली घालून "व्हय, व्हय" करत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मध्येच उठले. मी म्हटलं, हे नाटक नाही, हा मेंदूचा आजार आहे. रसायनं बदलतात. सेरोटोनिन कमी होतं. मी मोबाइलवर आधीच्या अभ्यासांवरून काढलेला माझा आलेख दाखवला, एका बाजूला निरोगी मेंदू, एका बाजूला उदास, उंच खांब आणि बुटका खांब. तुम्ही तिला आळशी म्हणता तेव्हा लंगड्याला पळ म्हणता, असंही सुनावलं.

 दाजींनी मान खाली घातली. शंकरराव मोठे शांत गृहस्थ आहेत, त्यांनी चष्मा लावून आलेख नीट पाहिला. म्हणाले, "म्हंजी बिघाड आतूनच हाय. मेंदूतच." मी म्हटलं, हो, मेंदूतच. ते म्हणाले, "आसं कुनी सांगितलंच न्हाई आमाला. पोरी, त्ये चित्र मला मोबाइलवर धाडशील का? घरी दावतो समद्यांना."

मी लगेच पाठवलं. तिथे काय दिसतंय ते खाली मराठीत लिहूनही दिलं. कोणीतरी शेवटी ऐकून घेतलं. एवढी वर्षं शिकल्याचं आज चीज झालं. ताई आतून ऐकत होती. मी आत गेले तेव्हा ती कप विसळत होती. तिला म्हटलं, जिंकलो आपण. ती पुढचा कप विसळायला लागली, अजून तिला तेवढा उत्साह नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. आज मी कोणाशीही गोड बोलणार नाही.

सकाळी भिमाजीमामा आले आणि चपलासुद्धा न काढता बोलले. कासुर्डीत शंकरराव माझा आलेख दारोदार दाखवत फिरतायत: "हे बगा, पोरीच्या सख्ख्या भनीनंच लिवून दिलंय. डोक्यात बिघाड हुता, लपवून गळ्यात मारली." आता त्यांना फारकत हवी आहे, आणि कागदावर असं हवं आहे की मुलगी लग्नाआधीपासूनच मनोरुग्ण होती. म्हणजे तीन वर्षं त्या घरात जे झालं ते झालंच नाही. दोष माल आणला त्या दुकानाचा.

माझं चित्र. माझं मराठी. सेरोटोनिन शब्दाखाली मी कंसात "आनंद देणारं रसायन" असं लिहिलं होतं, तेवढं त्यांनी पाठ केलंय.

आबा म्हणाले, "तुझ्या जिभंनं घात केला. आळशी म्हनत हुते ते काय वाईट हुतं? आळशी बाई नांदती. येडी कशी नांदंल?" यावरचं उत्तर मला एसटीतही सुचलं नसतं. आईचं म्हणणं, त्यांनी कागद करायच्या आत ताईला गोळ्यांची पिशवी देऊन परत पाठवावी, पाया पडून. म्हणजे एकतर ती कायमची वेडी ठरणार, नाहीतर त्याच चुलीपुढे जाऊन बसणार. मधलं काही नाही.

या लोकांची हुशारी बघून मी थक्क झाले. आजार म्हणावा तर खोटा, आणि खरा म्हणावा तर तिचा एकटीचा. आमच्या घरात झाला, आम्ही केला, असं मात्र कोणत्याच बाजूने म्हणायचं नाही.

ताईला हे कसं सांगावं कळेना. तिला सगळं आधीच माहीत होतं. म्हणाली, "आपलं घर केवढंसं, सायले. मामा वरडून बोलत्यात."

९ फेब्रुवारी

मेंदूंचे निकाल पुण्याहून आले. गेल्या महिन्यात मी माझ्या हाताने ते उंदीर मारले. आमच्यात त्याला बलिदान म्हणतात. उंदरांनी कसलं बलिदान दिलं, त्यांना कोणी विचारलं होतं? मला त्या शब्दाची चीड आहे, आणि त्या दिवशी मी जेवले नव्हते.

निकाल असे: दुसरा गट, नुसता त्रास, रसायनं कोलमडलेली. तिसरा गट, औषधवाला, बऱ्यापैकी सावरलेला. आणि चौथा, ज्यांना फक्त निवांत ठेवलं होतं, ज्यांचा भुसा रोज ठरल्या वेळी बदलला, दिवा ठरल्या वेळी मालवला, तोही जवळजवळ तेवढाच सावरलेला. सगळे नाहीत, काही तसेच राहिले, त्यांना औषधच लागलं असतं. पण बहुतेक सावरले.

मी धावत सरांकडे गेले. सरांनी कागद पाहिले आणि चौथ्या गटावर बोट ठेवून म्हणाले, "हा पेपरमध्ये नको."

मी विचारलं, का?

"अर्काचा परिणाम दाखवायचाय आपल्याला. विषय तो आहे."

"पण सर, नुसत्या निवांतपणानेही तेवढंच होतं, हा परिणाम नाही का?"

"अगं, कंपनी काय निवांतपणा बाटलीत भरून विकणार आहे का?" आणि हसले. वाईट माणूस नाही, मुलाच्या बारशाला मला पहिली हाक मारली होती त्यांनी. त्यामुळेच जास्त लागलं.

मी म्हटलं, प्रबंधात तरी टाकणारच. त्या उंदरांचे मेंदू मी काढलेत, ते मी गाळणार नाही. सर म्हणाले, "मग दुसरा गाइड शोध." मी म्हटलं, शोधते. बाहेर येऊन मी थेट टेबलाशी जाऊन बसले. सम्राटने पाणी दिलं आणि विचारलं, खरंच शोधणार का. मला माहीत नाही. पण मी माघार घेणार नाही एवढं माहीत आहे.

एसटीत डोकं जरा थंड झालं आणि एक गोष्ट लख्ख दिसली. मी शंकररावांना अर्धंच चित्र दाखवलं होतं. माझे सगळे उंदीर एकाच ठिकाणाहून आणलेले, सारख्या वयाचे, सगळे आल्या दिवशी साखरेवर तुटून पडणारे. बिघाड त्यांच्यात नव्हता. बिघाड मी केला. मेंदूत जे मोजलं ते माझ्या कर्तबगारीचं माप होतं.

२ मार्च

दुसरी बैठक झाली. याच ओसरीवर. या खेपेला गिताबाईही आल्या होत्या. शंकरराव कागद टाइप करूनच घेऊन आले होते.

मी तयारी करून बसले होते. आधी मीच बोलले. मी शंकररावांना म्हटलं, तुम्ही माझं चित्र गावभर दाखवलंत, आता राहिलेलं अर्धं ऐका. मी चांगले उंदीर आणले. मी त्यांचे हाल केले. तेव्हा त्यांचा मेंदू बिघडला. मी हाल थांबवले तर बहुतेकांचा सुधारला. तुम्ही चांगली मुलगी नेलीत. पुढचं तुम्ही सांगा.

शंकरराव शांतपणेच म्हणाले, "म्हंजी आमचं घर पिंजरा म्हन की."

"मी म्हटलं नाही, तुम्ही म्हणालात."

मग जो कालवा उठला तो उठला. गिताबाई म्हणाल्या, आमच्या पोरीवानी ठिवली हिला, इचारा तिला कदी हात लावला का. मामा म्हणाले, पोरी, दमानं घे. आबा मला बस म्हणाले. शंकरराव म्हणाले, उंदराचं माणसाला लावायचं न्हाई. मी म्हटलं, मागच्या वेळी लावलंत तेव्हा चाललं. मी अजून बोलले असते. माझ्याकडे पुष्कळ होतं.

ताई चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे खाली ठेवला आणि आत जायच्या ऐवजी तिथेच आईशेजारी बसली. बैठकीत सून बसत नाही. मामांनी आत जा अशी खूण केली, तिने पाहिली आणि बसून राहिली.

"माझ्या डोक्यात काय हाय त्याच्यावरनं तुमी समदी भांडताय," ती म्हणाली. "सायली म्हनती रसायन. मामंजी म्हनत्यात आदीपासनं हाय. आन् मी हितं बसलीया. मला कुनी इचारलंच न्हाई."

"कुनी" म्हणताना तिने माझ्याकडेही पाहिलं. मला ते त्या वेळी बरं वाटलं नाही. मी तिच्यासाठीच तर भांडत होते.

मामा म्हणाले, "मंग सांग बाई. तुजं काय हाय?"

ताई दाजींकडे बघून बोलली. "मी येते नांदायला. कामाचं मला काय न्हाई, ईस मान्सांचं बी करीन. येकच द्या. उद्याचं आज सांगत जा. किती जन जेवनार, काय रांदायचं, मी कुटं निजायचं. माह्यारी जा म्हनलं तर जायचंच, पिशवी भरल्यावर न्हाई म्हनायचं न्हाई. बास."

ओसरीवर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजींच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. "येवढंच व्हय?" ते म्हणाले.

"येवढंच," ताई म्हणाली. "लगीन झाल्यापासनं तुमच्याकडं हेच मागतीया."

मला वाटलं, मिटलं. आबांनी डोळे पुसले. मग गिताबाई म्हणाल्या, "आगं, गुऱ्हाळाचं कुनाला आदी सांगता येतं का? ऊस आला की पेटवायचं. आन् मान्सं काय सांगून येत्यात? आता सुनंला इचारून चुलान पेटवायचं का आमी?"

 ताई दाजींकडेच बघत होती. दाजींनी आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तसं आई म्हनती ते बी खरंच हाय."

"मंग मी न्हाई येत," ताई म्हणाली.

आवाज चढवला नाही, रडली नाही. शंकररावांनी कागद पुढे सरकवला. ती म्हणाली, "फारकत पायजे तर कोर्टात मागा, मी येते. पर आदीपासनं येडी हुती ह्याच्यावर मी सही करनार न्हाई. तुमच्या घरी आले तवा मी चांगली हुते. तुमाला बी म्हाईत हाय." मग तिने कप गोळा केले. मामांनी चहा घेतला नव्हता, तर त्यांच्यासमोर थांबून म्हणाली, "घ्या, गार व्हतोय." मामांनी मुकाट्याने घेतला.

ते गेल्यावर आबांनी ओसरीवरची सतरंजी गुंडाळली. आई म्हणाली, आता लोक काय म्हणतील.  मला मात्र सारखं वाटत होतं की मी जे आलेख काढून, गाइडशी भांडून, दोन बैठका गाजवून सांगू शकले नाही ते हिने चहाच्या ट्रेपाशी बसून सांगितलं, आणि ही तीन महिने माझ्याच घरात होती. मी तिला गोळी घेतली का, फिरलीस का, एवढंच विचारत होते.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, उद्या दहाला पुण्याला डॉक्टरकडे जायचंय, साडेसातची गाडी पकडू, मी वेळ घेतलीये.

ती शेळीला पाला घालत होती. म्हणाली, "उद्या न्हाई. गुरवारी जाऊ."

"अगं, ती वेळ किती मुश्किलीने मिळालीये."

"गुरवारी," ती म्हणाली. "उद्या मला निजायचंय."

मला राग आला. खरंच आला, खोटं कशाला लिहू. मग मी आत जाऊन डॉक्टरांकडे फोन लावला आणि गुरुवारची वेळ मागून घेतली.